पानाच्या तळाला कोणाचं नाव

१२ जानेवारी
अंकुशनगरला वक्तृत्व स्पर्धा. गावोगावच्या शाळा, बावीस मुलं, मी परीक्षक. मुलींच्या शिक्षणावर चौघी बोलल्या आणि चौघींनी एकच भाषण केलं. माझं. 'सातवीनंतर'. स्वल्पविरामासकट.
तिसरी, धावड्याची वैष्णवी, आवाज घंटेसारखा. शेवटची शपथ घेतली, "आजपासून या गावातली एकही मुलगी सातवीनंतर घरी बसणार नाही!" टाळ्या पडल्या. पोरगी थांबेना. हात तसाच वर, सूर तोच: "सर्व हक्क अक्षय सर यांच्याकडे राखीव! परवानगीशिवाय वापर केल्यास कायदेशीर कारवाई करण्यात येईल!"
सभागृहाला वाटलं, पोरगी सरकारला दम देतेय. टाळ्या दुप्पट. मी रुमाल तोंडाला लावून हसले. मग हसू जागच्या जागी थिजलं. अक्षय सर कोण?
खाली उतरल्यावर विचारलं.
"मोबाइलवर भाषणाची साइट हाय बाई. त्यात जेवढं लिहिल्तं तेवढं पाठ केलं."
"शेवटचं पण?"
"ते बी त्यातच व्हतं की."
तिची काय चूक? मूळ भाषण माझ्या ब्लॉगवर आहे एवढं सांगितलं, माझा नंबर दिला आणि दुसरा क्रमांक दिला. जालन्याच्या अंतिम फेरीत जाईल.

१३ जानेवारी
साइट पाहिली. माझी अकरा भाषणं. माझ्या टायपिंगच्या चुका जशाच्या तशा. हुंड्यावरच्या भाषणात मी एक ओळ दोनदा टाकली होती, तीही दोनदा. प्रत्येकाखाली 'अक्षय सर'. माझं नाव कुठेही नाही.
तीस-बत्तीस वर्षं घसा फोडला. मंडप, शाळा, बाजार, एकदा तर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभी राहून. ते सगळं कोण्या अक्षयच्या नावावर?
सोडणार नाही.

१४ जानेवारी
त्याचा नंबर साइटवरच होता. जालन्यात वडिलांचं बियाण्यांचं दुकान, साइट हा सांभाळतो. वय पंचवीस असेल. आवाजात जराही भीती नाही.
"मॅडम, तुमच्या ब्लॉगवर खाली २०१३ लिहिल्तं. मंग मला वाटलं मुदत गेली."
"कसली मुदत?"
"आमच्या पाकिटावर बी तारीख असती ना. ती गेली की माल कोणाचाच न्हाई."
मी ओरडले, "अरे ती मुदत नव्हे, जन्मसाल आहे! माणूस मेल्यावरही साठ वर्षं हक्क राहतो!"
"असं व्हय? मला सांगा ना मंग, तिथं कुठं लिहिल्यंय? अन् ते बी फक्त पहिल्या पानावर. आतल्या पानाला ना नाव, ना गाव. पोरं गूगलवरून डायरेक आतच येतात. मी बी तसाच आल्तो."
फार राग आला. पोरगा बरोबर बोलत होता याचा जास्त.
शेवटी म्हणाला, "मी काढतो मॅडम. तुम्ही फक्त लेखी यादी द्या. कोणतं भाषण, वर्ष काय, लिहिणाऱ्याचं नाव काय. बराबर लिहून द्या, मी बिलकुल काढतो."
देते. तू बघच.

१५ जानेवारी
अंबडच्या वाचनालयात माझा विषय 'वाचन का करावे'. विषय बाजूला ठेवला. वीस मिनिटं फक्त चोरीवर. म्हणाले, घरातलं सोनं नेलं तर पोलीस येतात, माणसाचा शब्द नेला तर कोणी येत नाही. दुसऱ्याच्या शब्दावर स्वतःचं नाव टाकून टाळ्या घेणारा चोर तो चोरच, मग त्याच्या डोक्यावर टोपी असो की फेटा. लोक उभे राहिले. अध्यक्ष म्हणाले, "ताई, असं भाषण दहा वर्षांत ऐकलं न्हाई."
छान वाटलं. खोटं कशाला लिहू.

१७ जानेवारी
नीताकडे गेले. माझी सातवी ब-मधली विद्यार्थिनी, आता अंबड कोर्टात वकील. अशील बाहेर बसवून मला आत घेतलं. तिचं सांगणं, आठवेल तसं:
गोलातला सी. मग पहिल्यांदा प्रसिद्ध केलं ते वर्ष. मग मालकाचं नाव. मग 'सर्व हक्क राखीव', थोडक्यात स.ह.रा. इतकंच. पण प्रत्येक पानाच्या तळाला. ब्लॉगमध्ये भर घालत गेलात तर २०१३ ते चालू साल असंही घालता येतं, म्हणजे कोणाला मुदत गेल्यासारखी वाटणार नाही. मजकूर म्हणून टाईप करा, चित्र करून चिकटवू नका. परवानगी मागायला ई-मेल द्या. नुसतं 'कारवाई करू' लिहिलं तर भला माणूस घाबरतो आणि दुसरा घाबरत नाही.
"ही ओळ नसली तरी हक्क जात न्हाई बाई. ओळ म्हणजे दारावरची पाटी. पाटीनं घर तुमचं होत न्हाई, पण 'मला माहीत न्हवतं' म्हणायला कोणाला तोंड राहत न्हाई."
निघताना म्हणाली, "अन् एक. लोक काय करतात, अख्ख्या साइटला एकच ओळ चिकटवतात. मंग आजीचे उखाणे, पेपरातले फोटो, शेजाऱ्याची कविता, समदं त्यांच्याच मालकीचं होतं. जे तुमचं न्हाई त्याखाली तुमचं नाव टाकू नका."
मी म्हणाले, "माझं सगळं माझंच आहे."
किती ताठ मानेनं म्हणाले.

१९ जानेवारी
सकाळपासून बसले. त्रेसष्ट पानं. सगळ्यांना एकदम ओळ लावायची सोय आहे ब्लॉगला, पण नीताचं ऐकायचं ठरवलं. प्रत्येक पान उघडून, वाचून, मगच.
फोटोंपाशी पहिली ठेच. सहा फोटो परतूरच्या एका स्टुडिओवाल्याचे, मी कधी विचारलंच नव्हतं. फोन केला. तो हसला, "ताई, नाव टाका की फक्त." टाकलं. पेपरातून उचललेले दोन फोटो काढून टाकले. दुष्काळावरच्या भाषणात एका शेतकऱ्याचं पत्र अख्खं वापरलंय. त्याच्या मुलाला विचारलं. "टाका, पण बाबांचं नाव नीट लिहा." मी चुकीचं लिहिलं होतं. अकरा वर्षं.
दुपारपर्यंत चाळीस पानं झाली. डोळे चुरचुरतात. थांबणार नाही.
एक्केचाळिसावं 'सातवीनंतर'. गोलातला सी टाकला. २०१३ टाकलं.
पुढे नाव टाकायचं होतं. चहा केला. परत बसले. पुन्हा उठले.

२० जानेवारी
ही वही कोणी वाचत नाही. निदान इथे लिहिते.
'सातवीनंतर' मी लिहिलेलं नाही. चंदानं लिहिलं.
एकतीस वर्षं झाली. मी वडीगोद्रीच्या शाळेत शिक्षिका, नवीन, तोंडाळ. चंदा कापड दुकानाची सून, मारवाडी घर. दुकान दोन भागांत, पुढे सासरे आणि गिऱ्हाईक, मध्ये पडदा, मागे ही साड्यांना फॉल लावत बसलेली. सासऱ्यांसमोर पदर तोंडावर. पुढे यायची रीत नव्हती, व्यासपीठावर जाणं तर सोडाच. पण कापडाच्या गाठी ज्या कागदात बांधून यायच्या ते सगळे कागद ती वाचायची. माझ्याकडून पुस्तकं न्यायची ती साडीच्या घडीत, परत यायची तीही घडीत. गावात दुसरी इतकं वाचणारी बाई मी पाहिली नाही.
एक दिवस पडद्यामागून म्हणाली, "कुसुमबाई, ही साडी घरी नेऊन बघा. पसंत न्हाई पडली तर उद्या आणा." घरी घडी उघडली. साडीत जे पांढरे पुठ्ठे घालून येतात, तळहाताएवढे रुंद, त्यांवर बारीक अक्षरात भाषण. एक ते सात आकडे घातलेले. शाळेच्या मैदानावर सभा होती त्या रविवारी. मी विषय शोधत होते, हे तिला ठाऊक होतं.
मी ते केलं. आठवड्यानं पेपरात सभेची बातमी आली, माझा फोटो, माझं नाव. दुकानात गेले. पडद्यामागून आवाज: "आपलं छापून आलं."
'आपलं' म्हणाली.
मी म्हणाले, पुढच्या सभेत सांगते सगळ्यांना, कोणी लिहिलं ते.
पुढची सभा. एकतीस वर्षांत किती झाल्या असतील.
ती परत काही बोलली नाही. दुसरं भाषणही पाठवलं नाही.

२२ जानेवारी
नीताला फोन. म्हणाले, एका मैत्रिणीचा प्रश्न आहे. भाषण दिलं एकीनं, लिहिलं दुसरीनं, तर खाली नाव कोणाचं?
नीतानं पुस्तक उघडल्याचा आवाज आला. "कायद्यात एक कलम हाय बाई. जाहीर भाषण ज्यानं दिलं, पहिली मालकी त्याची. दुसऱ्याच्या वतीनं दिलं असंल तर त्या दुसऱ्याची."
माझा जीव भांड्यात पडला. कायदा माझ्या बाजूनं!
"पण," नीता म्हणाली, "आधी लिहिलेलं असंल तर त्या लिखाणाचा हक्क लिहिणाऱ्याचा. दोन्हीकडून भांडता येईल. अन् 'हे मी लिहिलं' म्हणायचा जो हक्क हाय ना, तो तर मालकी विकली तरी लिहिणाऱ्याकडंच राहतो." मग पुस्तक मिटून, "कोणती मैत्रीण, बाई?"
म्हणाले, तुला माहीत नाही.
सातवीत असताना ही पोरगी गृहपाठ न करणाऱ्याला पहिल्या बाकावरून ओळखायची.

२३ जानेवारी
अक्षयचा मेसेज. "मॅडम यादी?"
कलम माझ्या बाजूचं आहे. अर्ध्या मिनिटात नाव टाकून मोकळी होईन. कोणाला कळणार नाही. चंदालाही वाईट वाटणार नाही, तिनं कधी मागितलंच नाही.
मागितलं नाही म्हणून दिलं नाही, हे मी सभांमध्ये कोणाकोणाला सुनावलंय! बहिणीनं मागितला नाही म्हणून वाटा न देणाऱ्या भावांवर तर माझं अख्खं भाषण आहे. पान सतरा. त्याखाली रविवारी मीच स.ह.रा. टाकलंय.
आठ दिवसांपूर्वी वाचनालयात उभी राहून टोपी आणि फेटा म्हणाले होते. पदराचं नाव घेतलं नव्हतं.

२५ जानेवारी
पत्र्याची पेटी उघडली. पुठ्ठे आहेत. कडा पिवळ्या झाल्यात, अक्षर तसंच. मोजले. सहा.
दोनदा मोजले. पेटी उलटी केली. सहाच.
सहावा असा संपतो: "आणि म्हणून मी या मैदानावर बसलेल्या बापांना एवढंच विचारते,". पुढे सातवा असणार. ब्लॉगवर मात्र या जागी शपथ आहे. म्हणजे शपथ तिची नाही!
मग आठवलं. मैदान भरलेलं, लोक तापलेले. सहावा संपला आणि सातवा मी उलटलाच नाही. हात वर केला आणि शपथ आली, आपोआप. मैदान उठून उभं राहिलं. सातवा टेबलावर राहिला असेल. काय होतं त्यावर, मला माहीत नाही. मी तो वाचलाही नव्हता.
मनात पहिली गोष्ट काय आली ते लिहून ठेवते: चला, सगळ्यात गाजलेलं वाक्य तरी माझं आहे.

२७ जानेवारी
वडीगोद्री. सकाळची बस. रस्ता आता केवढा, गाव ओळखू येत नाही. दुकानाला काचेचं दार. पडदा गेला. गल्ल्यावर चंदाची सून रेखा, ड्रेस घातलेली, एका गिऱ्हाइकाशी आणि एका ट्रकवाल्याशी एकाच वेळी बोलत होती. चंदा दुकानाच्या अगदी पुढे, खुर्चीत, पाय दुसऱ्या खुर्चीवर.
"ये कुसुम. भाषण करायला आली का चहा प्यायला?"
पुठ्ठे दिले. चष्मा शोधला, तो डोक्यावरच होता. सहाही वाचले, सावकाश. रेखाकडून पेन मागितलं आणि तिसऱ्यावर एक वेलांटी दुरुस्त केली.
मी सगळं सांगितलं. अक्षय, यादी, नीता, तळाची ओळ. म्हणाले, "तुझं नाव टाकायचंय."
"आता? सासरे गेले, सासूबाई गेल्या, हे गेले. आता नाव वाचून कोण रागावणार?" हसली. "टाक की."
इतकं सोपं. मी श्वास सोडला तोच,
"पण शेवट काढ."
"कोणता शेवट?"
"तुझी शपथ. ती माझ्या नावाखाली बिलकुल नको."
मी म्हणाले, अगं, लोकांना तेवढंच पाठ आहे. पोरी शाळाशाळांत म्हणतात. त्यावर टाळ्या पडतात.
"पडणारच. टाळ्यांसाठीच घातल्ती तू." आवाज चढवला नाही. फॉलचा धागा दातानं तोडावा तसं बोलत होती. "माझी सरोज त्या साली सातवी पास झाली. पुढची शाळा दुसऱ्या गावाला. सासऱ्यांनी सांगितलं, बस झालं. म्हणून तर मी लिहिलं ते. सभेला आम्ही बायकांच्या बाजूला बसल्तो, कनातीआड. ती बी ऐकत व्हती. घरी येऊन मला विचारलं, मम्मी, कुसुमबाईंनी शपथ घेतली ना, मंग मी जून महिन्यात शाळेत जाईन ना?"
ट्रकवाला निघून गेला.
"मग?" मी विचारलं. का विचारलं?
"मंग काय. घरी बसली. तू दोन गल्ल्या सोडून राहत व्हती कुसुम. आली का कधी विचारायला?"
नाही गेले. मला पुढची गावं होती. पुढच्या सभा.
"ती आता इंदूरला. तुझा ब्लॉग वाचती मोबाइलवर. समदा वाचती."
रेखानं चहा आणला. मी विचारलं, सातव्या पुठ्ठ्यावर काय होतं?
"आठवत न्हाई. एकतीस वर्षं झाली."
"प्रश्न होता. बापांना."
"असंल. वाचायचा व्हता ना तेव्हाच."
निघताना नावाचं विचारलं. पूर्ण कसं लिहू?
"चंद्रकला. पुढं ह्यांचं नको, वडिलांचं बी नको. नुसतं चंद्रकला."
रेखा म्हणाली, "मावशी, नुसत्या नावानं कसं कळणार कोण ते?"
"मंग गाव टाक," चंदा म्हणाली.

२८ जानेवारी
काही लिहिण्यासारखं नाही. दुपारी पान उघडलं, शपथ वाचली, बंद केलं.

३० जानेवारी
नीताला खरं सांगितलं. ती म्हणाली, "मला त्याच दिवशी कळल्तं बाई." मग वकिलासारखी बोलली: दोन ओळी करता येतात. भाषण चंद्रकलाचं, शेवटचा परिच्छेद माझा, दोघींची नावं वेगवेगळी, दोघींचे हक्क शाबूत. कायद्याला चालतं. शपथही राहते.
दिवसभर तीच रचना करून बघत होते. दिसायलाही चांगली दिसत होती.
पण शपथ माझ्या नावावर ठेवायची म्हणजे काय ठेवायचं? मी ती पाळली असती तर ठेवली असती. दोन गल्ल्यांवरची एक पोरगी शाळेत घालता आली नाही मला, आणि एकतीस वर्षं मी गावंच्या गावं शाळेत घालत फिरले, तोंडानं!
बास. ठरलं.

१ फेब्रुवारी
शपथ काढली. हातानं खोडली नाही, एक कळ दाबली आणि गेली. टाळ्यांचं इतकं मोठं वाक्य, जाताना काहीच आवाज झाला नाही.
आता पान असं संपतं:
"आणि म्हणून मी या मैदानावर बसलेल्या बापांना एवढंच विचारते,"
खाली मोकळी जागा. त्याखाली:
© २०१३ चंद्रकला, वडीगोद्री. सर्व हक्क राखीव. हे भाषण चंद्रकला यांनी लिहिले. कुसुम यांनी ते सभेत वाचले आणि अनेक वर्षे आपल्या नावाने प्रसिद्ध केले. आधी येथे असलेला शेवट मूळ लेखिकेचा नसल्याने काढला आहे. वापरायचे असल्यास लेखिकेला विचारावे.
नीता म्हणाली, 'आपल्या नावाने प्रसिद्ध केले' हे असल्या ओळीत घालत नसतात बाई. म्हणाले, मी घालते.
उरलेली बावीस पानंही आज संपवली. प्रत्येकाखाली वर्ष, नाव, ई-मेल. तेरा पानांवर कोणा ना कोणाचे आभार घालावे लागले. माझं सगळं माझंच होतं म्हणे.
अक्षयला यादी पाठवली. दहा माझी. अकराव्यापुढे चंद्रकला.

३ फेब्रुवारी
वाचनालयात गेले. बोलावलं नव्हतं. सभा संपताना दोन मिनिटं मागितली. अध्यक्षांना वाटलं आणखी एक तडाखेबंद काहीतरी. मी म्हणाले: त्या दिवशी मी ज्याला चोर म्हणाले त्यानं माझी दहा भाषणं घेतली. अकरावं मी आधीच घेतलेलं होतं. आणि सगळं सांगितलं, सरोजपर्यंत.
आयुष्यातलं सगळ्यात छोटं भाषण. कोणी टाळी वाजवली नाही. मागच्या रांगेत खुर्ची सरकली. अध्यक्ष खाली आल्यावर हळूच म्हणाले, "ताई, हे सांगायची काय गरज व्हती? इतक्या वर्षांनी?"
मी म्हणाले, इतकी वर्षं झाली म्हणूनच.
एक म्हातारे गृहस्थ गेटपर्यंत सोबत आले. चपला घातल्या आणि गेले.
घरी चालत आले, रिक्षा केली नाही.

४ फेब्रुवारी
अक्षयचा फोन. दहा भाषणं काढली. बघितलं, खरंच काढलीत.
"मॅडम, अकरावं तुमचं न्हाई म्हणता. मंग तुमच्या सांगण्यावरून कसं काढू? मालकीणबाईंना विचारावं लागंल ना?"
शिकला म्हणायचं. दुकानाचा नंबर दिला. तासाभरानं परत फोन.
"बोललो मॅडम. त्या म्हणल्या, तुझ्याकडचं काढ, चुकीचा शेवट हाय त्याला. मी म्हणलं, बराबर शेवट द्या, नाव टाकून लावतो. तर म्हणल्या, थांब, अजून पुरं झालं न्हाई." मग म्हणाला, "मॅडम, आमच्या साइटवर खाली सालाच्या पुढं 'पासून' लिहू का? म्हणजे माझ्यासारख्याला मुदत वाटायची न्हाई."
हसू आलं मला. लिही म्हणाले.
संध्याकाळी धावड्याहून वैष्णवी. वडिलांच्या मोबाइलवरून.
"बाई, माझी जालन्याची फेरी नऊ तारखेला हाय. तुमच्या ब्लॉगवरून शपथ गेली. मंग मी शेवट काय म्हणू?"
खरं ते सांगितलं. माहीत नाही.
"मंग मी बापांना काय विचारू?"
मी म्हणाले, आधी लेखिकेला विचार, भाषण करू का म्हणून. तिचा नंबर देते.
"तुम्हीच विचारा ना बाई."
"नाही. तू विचार. आणि नाव सांगून विचार."
पाठीमागून तिचे वडील म्हणत होते, "कुणाशी बोलून राह्यली एवढं?" पोरगी म्हणाली, "थांबा दादा. तुमच्याविषयीच हाय."

६ फेब्रुवारी
सकाळी रेखाचा फोन. दुकान उघडतानाचा, शटरचा आवाज मागे.
"मावशी, त्या धावड्याच्या पोरीचा फोन आल्ता मम्मीला. अर्धा तास बोलल्या. कोणत्या वर्गात हायेस, शाळा किती लांब, वडील काय म्हणतात, समदं विचारलं. मंग सरोजताईंना इंदूरला फोन. तो बी अर्धा तास. काल दुपारपासून मला म्हणून राह्यल्यात, साडीतला पुठ्ठा दे. आता कुठं येतात मावशी पुठ्ठे! समद्या साड्या प्लास्टिकच्या पिशवीत. मी वही दिली, कोरे कागद दिले. न्हाई म्हणतात. पुठ्ठाच पाहिजे. जल्दी पाहिजे म्हणतात, नऊ तारखेच्या आत. तुमच्याकडं हाय का एखादा?"
सत्काराच्या साड्या कपाटात वरच्या फळीवर, एकीचीही घडी मोडलेली नाही. सगळ्यात खालची काढली, सगळ्यात जुनी. कुठल्याशा गावानं 'सातवीनंतर' ऐकून दिलेली. हिरवी. घडी मोडली.
पुठ्ठा आहे. कडेला जरा पिवळा, पण दोन्ही बाजूंनी कोरा.
पावणेदहाची बस मिळेल.